उंबरठ्याचा दिवा

पाण्यावर दिवा होता, आणि तो सरकत होता.

टेकचंद दिघोरेने धरणाच्या कठड्यावरून वाकून नीट पाहिलं. दिवस नुकताच बुडाला होता. पलीकडच्या टेकडीची कड अजून ओळखू येत होती, पण पाणी काळं पडायला लागलं होतं, आणि त्यावरून एक बारका पांढरा उजेड भिंतीच्या कडेकडेने दरवाजांकडे येत होता. नाव नाही, माणूस नाही. नुसता उजेड आणि त्याच्याखाली डब्यासारखं काहीतरी.

त्याचा हात कमरेच्या वॉकीटॉकीकडे गेला आणि तिथेच थांबला.

टेकचंद धरणावर ठेकेदाराच्या माणसांतला रक्षक. खाकीसारखा दिसणारा पण खाकी नसलेला गणवेश, हातात काठी, आणि इतक्या वर्षांत त्याने धरलेले गुन्हेगार म्हणजे फोटो काढायला कठड्यावर चढलेली कॉलेजची पोरं. पण दोन आठवड्यांमागे दूरच्या मोठ्या शहरात रेल्वे स्टेशनावर स्फोट झाला आणि सगळंच पालटलं. धरणावर बंदूकवाले पोलीस आले. भिंतीजवळच्या पाण्यात नावा आणायला बंदी झाली. बाहेरून आलेल्या साहेबांनी रक्षकांना रांगेत उभं करून सांगितलं, "तरंगती वस्तू दिसली, तर विचार करायचा नाही. कळवायचं. विचार करायला आम्ही आहोत."

टेकचंदला ते मनापासून पटलं होतं. त्या स्फोटात रुपा गेली होती. रुपा म्हणजे त्याच्या बायकोच्या, सत्यभामाबाईच्या बहिणीची मुलगी, आंधळगावची. नर्सिंग शिकून त्या शहरात नोकरीला लागली होती आणि ड्यूटी संपवून गावाकडची गाडी धरायला स्टेशनात उभी होती. घरी आली ती पेटीत. पेटी उघडू नका, असं बरोबरच्या माणसांनी सांगितलं. तिच्या आईने पेटीच्या फळीवरून हात फिरवला तेवढाच. ते पाहिलेला माणूस तरंगत्या वस्तूविषयी विचार करत बसत नाही.

तरीही टेकचंदने टेकडीच्या दिशेला, पाण्याच्या एका ठरावीक जागेकडे पाहिलं. तिथे अंधार होता.

त्या जागी, पाण्याच्या तळाशी, जुनं सिरसघाट होतं. टेकचंदचं गाव. गावात एक रीत होती. पितरपाखातल्या अमावस्येला दिवेलागणीच्या वेळी उंबरठ्यावर दिवा ठेवायचा, पितरांना घर दिसावं म्हणून. धरण झालं, गाव बुडालं, उंबरठेही बुडाले. नव्या सिरसघाटात सरकारने आखून दिलेल्या प्लॉटांवर नवी घरं उठली आणि लोक नव्या उंबरठ्यांवर दिवे ठेवू लागले. पण मासे धरणाऱ्या केवळराम ढीवराला ते मान्य नव्हतं. "मेलेल्यायले नवा पत्ता कोनं सांगतला?" तो म्हणायचा. "ते जुन्याच घरी येतीन ना गा." म्हणून तो दरसाल नाव घेऊन जायचा आणि आपल्या बुडालेल्या घराच्या बरोबर वर दिवा ठेवून यायचा. आधी पळसाच्या द्रोणात तेलवात ठेवून पाहिली, ती वाऱ्याने विझे. मग त्याने प्लास्टिकचा डबा घेतला, त्यात बॅटरी आणि बारका बल्ब बसवला, आणि डबा वाहून जाऊ नये म्हणून दोराला दगड बांधून तळाला सोडला. जुन्या गावात केवळरामच्या आणि टेकचंदच्या घरांमधली भिंत एकच होती. त्यामुळे तो दिवा दोन्ही घरांचा. एक घर ढीवराचं, एक कुणब्याचं, आणि दिवा एक. भिंतीवरच्या ड्यूटीत टेकचंद लांबूनच त्याला हात जोडायचा.

आज अमावस्या होती. पण यंदा बंदी होती, आणि दिव्याच्या जागी अंधार होता. म्हणजे केवळराम आला नाही. म्हणजे हा उजेड त्याचा नाही.

किंवा असेल. ते टेकचंदच्या मनात आलं. आलं नाही असं नाही. पण त्याच क्षणी त्याला ती पेटी दिसली, आणि त्याने बटण दाबलं.

खालच्या गावांत भोंगा वाजला. कुणाला काही नीट सांगायला वेळ नव्हता, आणि सांगणाऱ्यालाही माहीत नव्हतं. धरण फुटतंय एवढंच सगळ्यांना कळलं. लोक लेकरं काखोटीला मारून, म्हाताऱ्यांना खाटेवर घालून उंचावर धावले. पवनीपर्यंत नदीकाठच्या वस्तीत धावपळ झाली. सकाळी तज्ज्ञ माणसांनी डबा उघडला तेव्हा आत एक बल्ब, एक बॅटरी आणि वायरचा तुकडा निघाला. खाली दोर लोंबत होता आणि दोराला दगड.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चहा आला. एक पोलीस हसलासुद्धा. आणि नेमका तेव्हा केवळराम भिंतीवर आला.

तो आपल्या पायांनी आला. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, खांद्यावर टॉवेल, आणि चेहऱ्यावर राग. हे पुढे टेकचंदला कित्येकदा आठवलं. केवळराम घाबरलेला नव्हता, चिडलेला होता.

"अजी, तो डबा माहा हाय," तो म्हणाला. "द्या मले."

साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"यंदा पानी काहून एवढं भरलं जी तुमी?" केवळराम बोलतच राहिला. "माहा दोर मागच्या सालचा. दगड तळाले टेकलाच नाही. मी समजलो, टेकला. तिकडे बस म्हनलं तर हा चालला दरवाज्याकडे फिराले!"

त्याला वाटत होतं, आपण खुलासा करतोय. दोर तोकडा पडला हे सांगितलं की कुणालाही सगळं समजेल. दरसाल जेवढा दोर लागायचा तेवढा त्याने बांधला होता. यंदा धरणात पाणी नेहमीपेक्षा उंच होतं, ते त्याने ध्यानात घेतलं नव्हतं. अख्खा जन्म पाण्यात काढलेल्या माणसाने अशी चूक करावी याची त्याला लाज वाटत होती, म्हणून तो पाणी भरणाऱ्यांवर चिडला होता.

"बंदी असताना नाव आत कशी आणली?" साहेबांनी विचारलं.

"काठाकाठानं."

"कोणी अडवलं नाही?"

"कोनी पायलंच नाही जी."

हे ऐकून तिथे कुणी हसलं नाही. साहेबांनी डब्यातली बॅटरी उचलून उलटी केली. तिच्या बुडाला हिरव्या रंगाचा पट्टा होता. असा पट्टा धरणाच्या सगळ्या सामानावर मारलेला असे.

"ही बॅटरी धरणाची आहे. तुला कोणी दिली?"

टेकचंद चार हात लांब उभा होता. बॅटरी त्याने दिली होती. चौकीतल्या दिव्यांना नवीन बॅटऱ्या आल्या तेव्हा जुन्या कोपऱ्यात पडून होत्या. त्यांतली एक त्याने घरी नेली. लाईट गेली की देवाच्या कोनाड्यात तिच्यावर बल्ब लागे. मागच्या साली केवळरामची बॅटरी बसली, तेव्हा सत्यभामाबाईच म्हणाली, ही द्या त्यायले, आपल्याही घरचाच दिवा हाय तो.

केवळरामने टेकचंदकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. पाण्याकडे पाहत तो म्हणाला, "भंगारात भेटली जी."

"कोणत्या भंगारात?"

"आता हे कसं सांगू? भंगार ते भंगार."

त्याला गाडीत बसवलं. बसता बसता तो पहिल्यांदा टेकचंदकडे वळला. "टेक्या, सांग ना गा यायले. पितराचा दिवा हाय म्हून सांग."

टेकचंद पुढे झाला. "सायेब, हा आमच्या गावचा मानूस हाय. चांगला हाय जी. दरसाल ठेवते हा दिवा."

"सांगितलंत, बरं केलंत," साहेब म्हणाले. "चौकशी होईल." आणि दार लागलं. बॅटरीविषयी टेकचंद बोलला नाही.

पेपरात बातमी आली. धरणाजवळ संशयास्पद वस्तू, एक ताब्यात, सतर्क रक्षकामुळे अनर्थ टळला. टेकचंदचं नाव फोटोसकट छापून आलं. ठेकेदाराने त्याला बोलावून हारही घातला आणि फोटो काढून घेतला. नव्या सिरसघाटात लोक त्याच्याकडे पाहून एकदम बोलायचे थांबू लागले. काहींना तो खरोखर देवासारखा वाटला. पोराबाळांना घेऊन उंचवट्यावर बसलेल्या माणसांना धरण शाबूत आहे एवढंच हवं होतं. पानठेल्यावर एकजण म्हणाला, "केवळराम असा नाही, पन आजकाल कोनाचं का सांगता येते?" त्या वाक्याला कुणी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. केवळरामच्या घरी जायचं मात्र सगळ्यांनी टाळलं.

आठवड्याने तपास करणाऱ्या दुसऱ्या साहेबांनी टेकचंदला बोलावलं. साहेब चाळिशीचे असतील. डोळ्यांखाली काळं झालेलं, समोर अर्धवट खाल्लेला डबा. आवाज चढवणारे नव्हते.

"बसा, टेकचंद. मला एवढंच हवंय. आतला एखादा माणूस धरणाचं सामान बाहेर देतोय. आज बॅटरी दिली, उद्या दरवाजांच्या खोलीची किल्ली देईल. तो कोण?"

"सायेब, तो दिवाच हाय जी. दुसरं काही नाही त्याच्यात."

"असेलही. स्टेशनात ती पिशवी पडली होती ना, ती पाहून दोघातिघांना वाटलं होतं, असेल कुणाची तरी. ते दिसलं तसं सोडून गेले. तुम्ही सोडलं नाहीत." साहेबांनी समोरचा डबा झाकला. "तुमच्या घरचंही कुणी गेलं म्हणे त्यात."

"साळीची पोरगी, जी."

"मग तुम्हीच सांगा. मी केवळरामच्या बाबतीत चुकलो, तर एक माणूस महिना दोन महिने आत राहील. मी दुसऱ्या बाजूने चुकलो, तर इथून खाली गावंच्या गावं वाहून जातील. मी कोणती चूक करू?"

साहेबांचं चुकतंय असं टेकचंदला म्हणता येईना. भोंगा वाजल्यावर धावणारी लेकरं त्याने पाहिली होती. हिशेब बरोबरच होता. फक्त त्या एका माणसाला टेकचंद लहानपणापासून ओळखत होता, आणि साहेब ओळखत नव्हते.

"बॅटरी कोणी दिली असेल?"

समोर गुड्डीचा चेहरा आला. गुड्डी, त्याची मुलगी. पोलीस भरतीत मैदान मारलं होतं पोरीने, लेखीही निघाली होती. आता राहिली होती ती चारित्र्य पडताळणी. बाप धरणाचं सामान बाहेर देतो, तेही अशा प्रकरणात, असं एकदा कागदावर आलं की पोरीची वर्दी गेली. ती रोज पहाटे धरणाच्याच रस्त्यावर धावत असे.

"माहीत नाही जी," टेकचंद म्हणाला.

त्या रात्रीपासून त्याच्या डोळ्याला डोळा लागेना. दिवसा मात्र तो ड्यूटी करत राहिला. तरंगतं लाकूड दिसलं तरी कळवत राहिला.

आणखी काही दिवसांनी भर दुपारी सखाबाई त्यांच्या घरी आली. केवळरामची बायको. अंगणात उभी राहिली, आत येईना. सत्यभामाबाईने गडवा भरून पाणी आणून दिलं, तेही तिने हातातच धरून ठेवलं. ती नागपूरहून आली होती; केवळरामला तिकडेच ठेवलं होतं. मासेमारी सोसायटीच्या ईश्वरने वकील गाठून दिला होता, आणि वकिलाच्या खटपटीने नवऱ्याची घडीभर भेट झाली होती.

"कसे हायेत केवळभाऊ?" सत्यभामाबाईने विचारलं.

"हाय. बसून हाय." सखाबाई गडव्याकडे पाहत म्हणाली. "मी बोलली त त्यायले ऐकूच नाही आलं. मंग मान वळवून म्हन्ते, इकडून बोल. डावा कान गेला म्हन्ते."

"गेला म्हंजे?"

"गेला. मी काही विचारलं नाही, त्यायनं काही सांगतलं नाही. एकच म्हन्ते, बॅटरीचं विचारून राहिले. रोज तेच विचारते म्हन्ते. अन् मी रोज सांगतो, भंगारात भेटली." ती टेकचंदकडे वळली. "भाऊजी, तुमची वळख हाय तिकडे. पेपरात फोटो आला तुमचा. तुमी सांगा ना जी सायबाले. का असते एका बॅटरीत?"

तिला माहीत नव्हतं. केवळरामने बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"सांगतो," टेकचंद म्हणाला.

सखाबाई गेली. गडवा तिने तसाच भरलेला ओट्यावर ठेवला होता. सत्यभामाबाई दारातच उभी होती. भिंतीवर रुपाचा फोटो लावला होता, नर्सच्या पांढऱ्या कपड्यातला, त्याला सकाळीच नवा हार घातलेला.

"तीच बॅटरी ना जी?" ती हळूच म्हणाली. "कोनाड्यातली?"

टेकचंदने भरलेला गडवा उचलून कोपऱ्यात ठेवला.

"मीच म्हनलं होतं, द्या म्हून."

"तू म्हनलं, पन देल्ली त मीच ना."

"अन् तुमी आतापावत सांगतलं नाही."

"गुड्डीचं का होईन मंग?" टेकचंद एकदम ओरडला. "नोकरी जाईन माही. तिची वर्दी जाईन. मले आत टाकतीन. तुले समजते काय काही?"

गुड्डी आतल्या खोलीच्या दारात आली होती. धावायचे बूट तिच्या हातात होते.

सत्यभामाबाई ओट्यावर बसली. रुपा गेल्यापासून ती घरात फार बोलत नसे. टीव्हीवर कुणी पकडल्याची बातमी आली की हातचं काम टाकून पुढे जाऊन बसे आणि तोंडं नीट निरखून पाही, इतकंच.

"रुपा गेली तवा मी म्हनलं, धरा, सगळ्यायले धरा, उलटे टांगा," ती म्हणाली. "आताही म्हनन. माह्या बहिनीनं पेटीवरून हात फिरवला, ते मी मरेपावत विसरत नाही. पन ज्यायनं केलं त्यायले धरा ना. केवळभाऊचा कान फोडून माही रुपा वापस येऊन राहिली काय?"

मग ती रडायला लागली. पेटी आली त्या दिवशी रडली नव्हती अशी रडली. गुड्डीने हातातले बूट कोपऱ्यात नेऊन शेजारी शेजारी नीट लावून ठेवले आणि आईजवळ येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी टेकचंदने गणवेश घडी करून पिशवीत घातला, साधा सदरा घातला आणि साहेबांसमोर जाऊन उभा राहिला.

"बॅटरी मी देल्ली, सायेब."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. टेकचंदने सगळं सांगितलं. चौकीतला कोपरा, देवाचा कोनाडा, बसलेली बॅटरी, दोन घरांची एक भिंत. आणि उजेड दिसला तेव्हा मनात काय आलं, तेही सांगणार होता. पण तेवढं त्याने गाळलं.

"हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर?" साहेब म्हणाले.

"चुकलो जी."

साहेब खिडकीतून बाहेर पाहत बसले. ते काहीतरी म्हणतील असं टेकचंदला वाटलं. केवळरामच्या कानाविषयी, चुकीविषयी, कशाविषयीही. पण त्यांनी फक्त शिपायाला आत बोलावलं आणि जबाब लिहून घ्यायला सांगितलं.

टेकचंदला दोन दिवस तिथेच बसवून ठेवलं. तेच तेच विचारलं, चहा दिला, जेवण दिलं. अंगाला कुणी बोट लावलं नाही. टेकचंदला त्याचीच जास्त शरम वाटली. आपण स्वतःहून आलो म्हणून आपल्याला चहा, आणि जो आपलं नाव गिळून बसला त्याला काय मिळालं! परत आला तेव्हा ठेकेदाराने त्याचा गणवेश मागून घेतला आणि हाराचा फोटो ऑफिसच्या भिंतीवरून काढला. गुड्डीच्या नावावर भरतीत शेरा पडला, आणि तिचं प्रकरण वरच्या कार्यालयात जाऊन बसलं. ते अजूनही तिथेच आहे.

केवळराम लगेच सुटला असंही नाही. वकील, तारखा, पुन्हा तारखा. धानाची कापणी झाली, मंडईच्या जत्रांचे दिवस आले, गावोगाव नाटकांचे फलक लागले, तेव्हा कुठे त्याला जामीन मिळाला. अट अशी, की दर आठवड्याला पवनीच्या ठाण्यात हजेरी लावायची आणि धरणाच्या पाण्यात उतरायचं नाही. ढीवराला पाण्यात उतरू नको म्हणायचं. ही अट लिहिणाऱ्याला तिचा अर्थ कळला होता की नाही, देव जाणे.

त्याची नाव काठावर उपडी पडली. तिच्या खालून गवत आलं. सखाबाई दुसऱ्यांची मासळी विकत घेऊन कोंढ्याच्या बाजारात बसू लागली. टेकचंद राईस मिलमध्ये पोती उचलायला जाऊ लागला. या वयात पाठ दुखायची, पण काम होतं. येता जाता केवळराम दिसे, घरासमोरच्या बाजेवर बसलेला. कुणी हाक मारली तर तो डोकं भलत्याच दिशेला वळवी आणि मग सावकाश खऱ्या दिशेला आणी. टेकचंद त्याला हात करी, तोही हात करी. त्यापुढे टेकचंदचं पाऊल उचलत नसे. इतकी वर्षं ज्याच्या घरात न विचारता शिरायचा, त्याच्या अंगणात जायला त्याला इतके महिने धीर झाला नाही.

पुन्हा पितरपाख आला. अमावस्येच्या दिवशी मिलमधून आल्यावर सत्यभामाबाईने त्याच्यापुढे तेलाची बाटली ठेवली.

"घेऊन जा त्यायच्याकडे," ती म्हणाली. "दिवा दोघायचा हाय."

दिवेलागण होत होती. केवळरामच्या घराचं दार उघडं होतं. आत तो जमिनीवर बसला होता आणि समोर पितळेची परात पाण्याने भरलेली होती. पळसाच्या पानांचा द्रोण, वात, काडेपेटी शेजारी मांडलेली. सखाबाई चुलीपाशी होती. तिने टेकचंदला पाहिलं, तेलाची बाटली पाहिली आणि नुसती मान हलवली.

टेकचंद केवळरामच्या शेजारी जाऊन बसला. केवळराम एका दोऱ्याला बारका खडा बांधत होता. मान वर न करता बांधत होता. परातीत ना वारा, ना ओढ. द्रोण वाहून जाऊन जाणार कुठे? पण हात सवयीने बांधत होते.

टेकचंदला वाटलं, आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही.

"केवळ," तो खालच्या आवाजात म्हणाला. "त्या दिवशी मनात आलं होतं गा माह्या. का हा तुहाच दिवा असन म्हून. तरी मी बटन दाबलं."

केवळरामने गाठ आवळली. दोऱ्याचं टोक दातांनी तोडलं. मग त्याने वर पाहिलं, आणि टेकचंद बाजूला बसलाय हे जणू त्याला आत्ताच कळलं.

"तिकडे काहून बसला?" तो म्हणाला. "इकडे ये. त्या कानानं ऐकू येत नाही मले."

टेकचंद उठून दुसऱ्या बाजूला बसला. केवळराम त्याच्याकडे पाहत राहिला, वाट पाहत. टेकचंदने तोंड उघडलं. ते वाक्य दुसऱ्यांदा त्याच्याने बोलवेना.

"का म्हनून राहिला होता?"

"काही नाही गा. तेल आनलं."

"बरं केलं."

केवळरामने द्रोणात तेल ओतलं, वात लावली आणि द्रोण परातीतल्या पाण्यावर सोडला. खडा हळूच तळाला टेकवला. दोरा हवा त्यापेक्षा बराच जास्त होता. उरलेला पाण्यावर वेटोळं होऊन तरंगत राहिला. दोघांनी हात जोडले. टेकचंदने आपल्या आईबापांची नावं मनात घेतली, आणि मग रुपाचं.

बाहेर अंधार पडला होता. उघड्या दारातून दिव्याचा उजेड अंगणात पडून रस्त्यापर्यंत गेला होता. केवळरामने तो पाहिला आणि तो घाईने अर्धा उठला.

"टेक्या, दार लाव गा पहिले," तो म्हणाला. "उजेड बाहेर दिसून राहिला."

टेकचंद उठला. त्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं, कुणी नव्हतं. मग त्याने दार ओढून घेतलं आणि आतून कडी घातली.